रक्त कुणाचं?

(परळच्या एका चाळीत रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट लावलंय.)

मित्रांनो आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या बायांनो, जय भीम. आत या, जागा आहे.

मी डॉक्टर नाही. प्रोफेसर तर नाहीच नाही. मी लॅबवाला. तीस वर्षं लोकांच्या बोटाला सुई टोचली. काचेवर थेंब पसरायचा, त्याला जांभळा रंग चढवायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि पेशी मोजत बसायचं. शेवटची काही वर्षं रक्तपेढीच्या खिडकीवर होतो. तिथली एक गोष्ट आधी सांगतो, मग विषयाकडं येतो.

एका संध्याकाळी एक गृहस्थ आले. कपडे कडक इस्त्रीचे. वडील वर ऑपरेशनच्या टेबलावर. मी पिशवी दिली, सही घेतली. माणूस हलेचना. पिशवी उलटीसुलटी करून बघतोय. मग खिडकीत तोंड घालून हळूच म्हणतो, "हे कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "बी पॉझिटिव्हचं."

"तसं नाही हो. म्हणजे... कुणाचं?"

मी म्हटलं, "साहेब, वडील वर आहेत. पिशवी घ्या आणि पळा."

पळाला. पळणारच. बाप मरायला टेकल्यावर विटाळ दोन मिनिटं बाजूला ठेवता येतो. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. रक्त कुणाचं? आज मी त्याचंच उत्तर द्यायला उभा आहे.

या देशात सगळं रक्तात असतं म्हणतात. शौर्य रक्तात, बुद्धी रक्तात, धंदा रक्तात. आपल्या वाट्याला आलेली घाणसुद्धा म्हणे आपल्या रक्तातच. ठीक आहे. मी तीस वर्षं रक्तच बघितलंय, तर मला विचारा की त्यात काय असतं.

तांबडी पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते. प्लेटलेट आठ-दहा दिवस. पांढऱ्यांमधल्या ज्या सगळ्यात जास्त असतात, त्यांना रक्तात दिवसभराचंही आयुष्य नसतं. म्हणजे मागच्या दिवाळीला तुमच्या अंगात जे तांबडं रक्त होतं, ते आज नाही. मेलं, मोडलं, त्यातलं लोखंड काढून शरीरानं परत कामाला लावलं. ज्यांचं खानदान पाचशे वर्षांचं आहे, त्यांचंही रक्त चार महिन्यांचंच आहे. माझंही चार महिन्यांचं.

मग नवीन कुठून येतं? हाडातून. मटणाची नळी तुम्ही सगळ्यांनी चोखलीय. आतला तो गर म्हणजे मज्जा. मोठ्या माणसाच्या हातापायाच्या नळ्यांत बहुतेक चरबी असते, पण छातीचं हाड, बरगड्या, मणके आणि कंबरेचं हाड, इथं लाल मज्जा असते. तिथं दर दिवसाला सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात. सेकंदाला वीस लाखांच्या वर. मी आत्ता हे वाक्य बोलेपर्यंत तुमच्या हाडांनी कोटभर पेशी काढल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी पगार दिला नाही.

हे कारखान्याचं काम आहे, आणि तुम्ही गिरणगावातली पोरं, म्हणून गिरणीच्याच भाषेत सांगतो. 1868 साली न्यूमन नावाच्या जर्मन डॉक्टरनं पहिल्यांदा म्हटलं की रक्त हाडाच्या मज्जेत बनतं. त्याच वर्षी इटलीत बिझोझेरोनंही तेच म्हटलं. लोकांनी लगेच मानलं नाही. पुढं 1961 साली टोरांटोत टिल आणि मॅककुलॉक या दोघांनी उंदरांवर प्रयोग केला. किरणांचा मारा करून उंदरांची मज्जा मारली, मग दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. उंदरांच्या प्लीहेवर छोट्या छोट्या गाठी उठल्या. त्यांचा अभ्यास करता करता कळलं, की एकेक गाठ एकेका पेशीपासून उठलेली आहे आणि तिच्यात वेगवेगळ्या जातीच्या पेशी आहेत. एका मूळ पेशीच्या पोटी तांबडी, पांढरी, प्लेटलेट असं सगळं. आता तुम्हीच बघा. आपल्या हाडात एकाच आईची लेकरं कामाप्रमाणं वेगळी होतात. कुणी कुणाच्या डोक्यातून निघत नाही आणि कुणी पायातून निघत नाही.

पण मूळ पेशी आहे म्हणून भागत नाही. किती काढायचं हे ठरवणारा कुणीतरी लागतो. तांबड्या पेशींचा मुकादम बसतो मूत्रपिंडात. रक्तातून प्राणवायू कमी येतोय असं वाटलं, की मूत्रपिंड एक रस सोडतं, एरिथ्रोपोएटिन. मज्जेतल्या कोवळ्या तांबड्या पेशी या रसावर जगतात. रस आला तर वाढतात, नाही आला तर मरून जातात. 1906 साली पॅरिसमध्ये दोघा संशोधकांनी अंदाज बांधला होता की असं काहीतरी असणार. हातात मात्र आलं 1977 साली. मज्जा बंद पडलेल्या रोग्यांची अडीच हजार लिटर लघवी गोळा केली, तेव्हा त्यातून काही मिलिग्राम शुद्ध रस निघाला. आज ज्यांची मूत्रपिंडं गेलीत, डायलिसिसवर आहेत, त्यांना याचंच इंजेक्शन देतात. मूत्रपिंड गेल्यावर माणूस पांढराफटक का पडतो, ते आता कळलं? मुकादमच संपावर गेला.

म्हणजे आई आहे, मुकादम आहे. तिसरी गोष्ट कच्चा माल. लोखंड पाहिजे, फॉलिक अ‍ॅसिड पाहिजे, बी-ट्वेल्व्ह पाहिजे, प्रथिनं पाहिजेत. कच्चा माल नाही आला तर काय होतं? हे जगाला जिथं कळलं ती जागा इथून चालत दहा मिनिटांवर आहे. हे ऐका, कारण ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही.

साल 1928. परळची हाफकिन संस्था. इंग्लंडहून लुसी विल्स नावाची डॉक्टरीण आली. काम काय? मुंबईत गरोदर बाया रक्त कमी होऊन मरत होत्या. बऱ्याच कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या, गरीब, त्यात मुसलमान बाया जास्त. त्या सगळ्या आपल्या वस्तीतल्या होत्या असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलायचं? पण भुकेला जात लागत नाही. विल्सबाईनं त्यांचं रक्त मायक्रोस्कोपखाली घातलं तर पेशी लहान नव्हत्या, फिक्याही नव्हत्या. उलट मोठ्या होत्या. फुगलेल्या, आणि संख्येनं अगदी थोड्या.

हे कसं होतं, ते आज आपल्याला माहीत आहे. पेशीला दोन व्हायचं तर आधी तिच्यातला डीएनए दुप्पट व्हायला लागतो. डीएनएचं सूत कातायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ते नसलं की पेशी अंगानं वाढते, पण तिला फुटून दोन होता येत नाही. मोठी होऊन तिथंच अडकते आणि बरीचशी मज्जेतच मरून जाते. साचे धडधडतायत, खातं माणसांनी भरलंय, पण सूतच नाही म्हणून दारातून कापड बाहेर पडत नाही.

विल्सबाईला फॉलिक अ‍ॅसिड माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. तिनं त्या बाया काय खातात ते बघितलं. पालेभाजी नाही, फळ नाही, मटण क्वचित. पुढं ती कुन्नूरला गेली, मग मद्रासला. मद्रासच्या ज्या दवाखान्यात 1931 साली ती काम करत होती, त्याचं नावच होतं कास्ट अँड गोशा हॉस्पिटल. सवर्ण आणि पडद्यातल्या बायांचा दवाखाना. पाटीवरच लिहिलेलं! आता त्याला कस्तुरबा गांधींचं नाव आहे. तिनं माकडांना त्या गरीब बायांसारखं खायला घातलं. माकडांचंही रक्त तसंच बिघडलं. मग औषध म्हणून दिलं मार्माइट. मार्माइट म्हणजे बियर गाळून खाली जो यीस्टचा गाळ उरतो, त्याचा काळा चिकट अर्क. माकडं सुधारली, बाया सुधारल्या. 1931 साली तिनं हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. तोवर भारी दवा म्हणून यकृताचा अर्क चालायचा. तो शुद्ध करून दिला तर या बायांना लागू पडेना, आणि बियरच्या गाळानं उठून बसल्या. सोवळ्यातल्या वैद्यांना ही बातमी कशी पचली असेल कोण जाणे.

त्या गाळात जे होतं, ते 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळं काढलं. पानातून निघालं म्हणून लॅटिनवरून नाव फॉलिक. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या गटाचा मुख्य होता आंध्रातल्या भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्याच गटानं फॉलिकसारखं दिसणारं, पण पेशीला फसवणारं औषध बनवलं. बोस्टनच्या सिडनी फार्बरनं ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या सोळा पोरांना दिलं. 1948 साली त्यानं छापलं, की दहा पोरं काही काळ सुधारली. कॅन्सरच्या पेशींना उपाशी मारायचं, ही युक्ती त्या दिवसापासून चालू आहे. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही आपल्या दवाखान्यात वापरतात.

आता धागा बघा कुठून कुठं गेला. मुंबईच्या गरीब बाईच्या दंडातून काढलेलं रक्त, तिथून लंडन, तिथून अमेरिका, तिथून जगभरच्या पोरांचे प्राण. त्या बायांची नावं कुणाला ठाऊक आहेत? नाहीत. ज्ञान त्यांच्या रक्तातून निघालं, जगभर हिंडलं, आणि त्यांच्या नातींपर्यंत पोचलं नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतातल्या 57 टक्के बायांचं रक्त कमी निघालं. शंभरात सत्तावन. विल्सबाई येऊन गेली त्याला नव्वदहून जास्त वर्षं झाली. च्यायला, गोळी तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

आणि त्या 1928 ची अजून एक बाजू. त्याच परळात, बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या बिलावर ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि खर्चाची जबाबदारी मालकाला पूर्ण झटकता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली कायदा झाला. एकीकडं डॉक्टरीण रक्ताची काच बघत होती, दुसरीकडं हा माणूस त्याच बायांसाठी कायदा मागत होता. दोघांची गाठ पडली की नाही, त्याला महत्त्व नाही. पण दोन्ही कामं एकच आहेत हे मला लॅबमध्ये बसून कळलं. गोळीनं हिमोग्लोबिन वाढतं. पण पोटात काय जातं आणि दिवसाचे किती तास राबायचं, हे गोळी ठरवत नाही.

त्याच वर्षीच्या संपात बाबासाहेबांनी हेही मांडलं, की गिरणीच्या विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नाहीत. का? तुटलेलं सूत धोट्यात तोंडानं ओढायला लागायचं. थुंकीचा विटाळ! जिथं थुंकी चालत नव्हती, तिथं पुढं आमच्या रक्ताची पिशवी चालायला लागली. ही काय त्यांची सुधारणा नव्हे. मरणाची भीती आहे.

आता कारखाना बंद कसा पाडतात ते सांगतो. हे घरातलं आहे.

माझा मामा चपला-बुटांच्या एका कारखान्यात होता. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, खिडकी एक, तीही बंद. दिवसभर तळाला सोल्युशन लावायचं. वासानं डोकं गरगरायचं, तर पोरं म्हणायची फुकटची नशा. पस्तिशीत मामा पांढरा पडला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांड्यांवर काळेनिळे डाग. त्याची काच मीच बघितली. तांबड्या कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेट तर शोधाव्या लागत होत्या. तिन्ही खाती एकदम बंद, म्हणजे बिघाड मज्जेत. कंबरेच्या हाडात सुई घालून बघितलं, तर मज्जेच्या जागी चरबी. कारखाना रिकामा. डॉक्टरनं सगळं विचारलं. दारू पितोस का, बाईकडं जातोस का, कुठली औषधं घेतोस. एक विचारलं नाही, काम काय करतोस. मामा सहा महिन्यांत गेला. मालकानं माणूस पाठवला, तो उरलेली मजुरी देऊन गेला. त्या सोल्युशनच्या डब्यावर लेबल नव्हतं, म्हणून आत काय होतं ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण इस्तंबूलचं सांगता येतं. तिथं मुझफ्फर अक्सोय नावाचा डॉक्टर होता. त्याच्याकडं मज्जा बिघडलेले, रक्ताचा कॅन्सर झालेले चपला-बूट करणारे एकामागून एक यायला लागले. यानं तो प्रश्न विचारला, काम काय करतोस? बंद खोल्या, आणि गोंदात बेन्झिन. 1974 साली त्यानं अशा सव्वीस कामगारांची माहिती छापली. बेन्झिन शरीरात गेलं की त्याचं रूपांतर होऊन जे विष तयार होतं, ते मज्जेतल्या मूळ पेशींवरच घाव घालतं. बेन्झिननं रक्ताचा कॅन्सर होतो यावर आज जगात वाद नाही. तर पोरांनो, धारावीत, कुर्ल्यात, जिथं कुठं तुमचा भाऊ असं काम करत असेल, तिथं डबा बघा. लेबल नसेल तर मालकाला विचारा, लेबल का नाही. खिडकी उघडायला लावा. कामाच्या जागी जेवू नका. आणि डॉक्टरनं विचारलं नाही तर आपणच सांगा, काम काय करतो ते. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांनाही हेच. शिसं अंगात गेलं की हिमोग्लोबिनच नीट बनत नाही.

विदर्भातल्या दोस्तांसाठी एक गोष्ट, सिकलसेलची. विदर्भात आपल्या लोकांत आणि आदिवासींत हा आजार बराच आहे. इथं लगेच कुणीतरी म्हणतो, बघा, शेवटी रक्तातच आहे ना! थांबा. जीन आईबापाकडून येतो हे खरं. पण तो टिकून राहिला मलेरियामुळं. ज्याला हा जीन आईबापातल्या एकाकडूनच आलाय, त्याला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथं हा जीन. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठावर गोऱ्यांतही आहे. पूर्वजन्मीचं पाप नाही, डासांचा हिशोब आहे. दोघांकडून जीन आला तर मात्र आजार. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि एकशेवीसच्या जागी दहा-वीस दिवसांत मोडते. मज्जा रात्रंदिवस डबल पाळी करते, कच्चा माल भराभर संपतो, म्हणून या रोग्यांना रोज कोणती गोळी देतात? फॉलिक अ‍ॅसिड. परत आपल्या परळच्या बाया! लग्नाआधी दोघांनीही तपासणी करा, पोराची आणि पोरीची दोन्ही. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारात एक मूल आजारी व्हायची शक्यता. हे माहीत करून घ्यायचं असतं. पोरीला नाकारून अपमान करायला ही तपासणी नाही.

आता खाण्याचं. शहाणे लोक येतात आणि सांगतात, पालक खा, डाळी खा, खजूर खा. बरोबर आहे. फॉलिक पालेभाजीत आणि डाळीत आहे. पण भाजी तासभर रटरट शिजवली तर बरंचसं उडून जातं. जेवणावर लगेच चहा ओतला तर लोखंड अंगी कमी लागतं, लिंबू पिळलं तर जास्त लागतं. एवढं आजपासून करता येईल. पण बी-ट्वेल्व्ह झाडपाल्यात नसतं. ते मटणात, कलेजीत, मासळीत, अंड्यात, दुधात. गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस कुठलं होतं, तुम्हाला माहीत आहे. 2015 पासून महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी आहे. कायदा करणाऱ्यांनी गोठ्याचा विचार केला. आमच्या मज्जेचा विचार कुणी केला? अंडं महाग नाही, सुकट महाग नाही. लाजू नका, खा. आणि एक इशारा. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसत्या फॉलिकच्या गोळ्या गिळल्या तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर तपासल्याशिवाय गोळ्या खाऊ नका. टॉनिकची बाटली तर नकोच. ती रंगीत साखर आहे, आणि माझ्या आईनं आयुष्यभर घेतली.

तीस वर्षांत मी एक बघितलं. आपली माणसं रिपोर्ट वाचत नाहीत. घडी घालून डब्यात ठेवतात, डॉक्टर म्हणाला रक्त कमी आहे, बस्स. का कमी आहे हे विचारत नाहीत. रिपोर्टवर एमसीव्ही असं लिहिलेलं असतं. ते पेशीचं आकारमान. ऐंशीच्या खाली असेल तर पेशी लहान, बहुतेक वेळा लोखंडाची टंचाई. शंभराच्या वर असेल तर मोठी, म्हणजे विल्सबाईची गोष्ट आठवा. तांबडी, पांढरी, प्लेटलेट तिन्ही कमी असतील तर एक दिवसही घरी थांबू नका. टीबी असेल तर शरीर स्वतःच लोखंडाला कुलूप घालतं, तेव्हा आधी टीबीचं औषध पुरं करा. रिपोर्ट तुमचा आहे, मागून घ्या.

त्या माणसानं विचारलं होतं, रक्त कुणाचं? आज भेटला तर मी त्याला सांगेन. या चार महिन्यांत ज्यानं जे खाल्लं, ज्या हवेत श्वास घेतला, जितके तास राबला, त्याचं. तुमच्या बापाच्या अंगात आमचं गेलं आणि त्यानं काम केलं, कारण गट जुळला होता. दुसरं काही जुळायला लागत नाही.

पुढच्या रविवारी मी इथंच बसणार आहे, सकाळी दहाला. प्रत्येकानं आपल्या घरातल्या एका बाईचा रिपोर्ट आणायचा. आईचा, बहिणीचा, बायकोचा. नसेल तर आठवड्यात तपासणी करून आणायचा. आपण एकेक करून वाचू. मागच्या बायांनो, तुम्हालाही सांगतोय, फक्त पोरांना नाही.

एवढंच. जय भीम.